रकाना सातवा : आईचे नाव

१३ जानेवारी, रविवार

पाटबंधारे खात्यातून निवृत्त होताना मी कोऱ्या नोंदवह्यांची एक चळत घरी आणली होती. चोरी म्हणायची त्याने खुशाल म्हणावी. पस्तीस वर्षे पाटाच्या दरवाजावर बसून सकाळ-संध्याकाळ पाण्याची पातळी लिहिलेला हात आहे, त्याला लिहिल्याशिवाय चैन पडत नाही. पण पातळी लिहायला आता पाणी माझ्या ताब्यात नाही, म्हणून वह्या फडताळात पडून होत्या. आज एक काढली, कारण आज लिहिण्याजोगे घडले.

दुपारी माजी सैनिक संघटनेचा माणूस गावात येऊन कर्ण्यावरून सांगून गेला. येत्या मातृदिनी, एकवीस मार्चला, शहरातल्या मोठ्या सभागृहात सत्कार आहे. त्र्याहत्तरच्या लढाईत ज्यांनी सुएझ कालवा ओलांडला, त्यांच्या हयात मातांचा. आमच्या जिल्ह्यात अशा अकराच उरल्यात म्हणे. एकेकीचे नाव पुकारणार आणि ती मंचावर जाऊन मानाची ढाल घेणार.

आई अंगणात शेंगा सोलत होती. माझी आई चौऱ्याऐंशीची आहे. सारे गाव तिला उम्म वनीस, म्हणजे वनीसची आई म्हणते. तो वनीस मी. माझी बायको वारून सहा वर्षे झाली, मुली आपापल्या घरी आहेत, घरात आम्ही दोघेच.

"पुकारणार म्हणजे मोठ्यानं?" आईने विचारले.

"मोठ्यानं, यम्मा. कर्ण्यावरून."

"पुरुषांसमोर? की बायकांचा वेगळा पडदा असेल?"

"पुरुष, अधिकारी, सगळ्यांसमोर."

मला वाटले, आता नाही म्हणणार. आमच्याकडे बाईचे नाव तिच्या घराबाहेर जात नाही. माझ्या बापाने मरेपर्यंत तिला नावाने हाक मारली नाही. पण शेंगांचे सूप बाजूला ठेवून ती म्हणाली, "मग मी जाणार. माझा काळा झगा काढ पेटीतून, ऊन दाखव त्याला."

सैन्यातल्या माझ्या नोंदीचा उतारा काढून संघटनेला द्यायचा, एवढेच काम. उद्या किंवा परवा जातो.

१५ जानेवारी, मंगळवार

एवढेच काम नाही.

शहरातल्या नोंदणी कचेरीत खिडकी क्रमांक चारवर उस्ताद वग्दी नावाचा कारकून बसतो. गुळगुळीत डोके, बाह्यांवर काळी आवरणे, तोंडात कायम लवंग. त्याने उतारा काढला, चष्मा कपाळावर चढवला आणि वाचला. नाव अब्दुल वनीस, बरोबर. गाव बरोबर. तुकडी, पंपांची, बरोबर. खांद्यात धातूचा तुकडा, बरोबर. रकाना सातवा, आईचे नाव : इनायात मित्वल्ली.

इनायात मित्वल्ली ही माझी आई नव्हे. ती आमच्या समोरच्या घरात राहते.

आता इथे मला खरे लिहिले पाहिजे. वही माझी आहे, वाचणार कोण? एकाहत्तर सालच्या जानेवारीची अखेर. भरतीच्या आवारात आम्ही शंभर पोरे चड्डीवर रांगेत उभी. टेबलाशी एक मिशाळ हवालदार, त्याचा आवाज नदीपार जावा असा. "आईचं नाव?" म्हणून तो ओरडे आणि पोराने सांगितले की ते नाव पुन्हा ओरडून लेखनिकाला सांगे. माझ्या पुढे दसूकी होता, शेजारच्या गावचा. त्या भाबड्याने खरे सांगितले : शलबाया. असले खेडवळ नाव ऐकून रांगेच्या टोकापर्यंत हशा गेला. पुढची तीन वर्षे अख्ख्या तुकडीत त्याला कुणी दसूकी म्हटले नाही. शलबायाचा, इकडे ये. शलबायाचा, पाणी आण. तोफा चालू असतानासुद्धा.

त्याच्या मागे मी. माझ्या आईचे नाव मी कधी उच्चारलेले नव्हते, अजूनही नाही. चारचौघांत उच्चारण्याजोगे बाईचे एकच नाव मला ठाऊक होते, ते म्हणजे खाला, म्हणजे मावशी, इनायातचे. तिला मूल नव्हते. त्यामुळे ती कुणाचीच उम्म नव्हती, आणि गावातले लहानथोर तिला सरळ नावानेच बोलवीत. ते नाव रस्त्यावर पडलेलेच होते. मी ते उचलले आणि हवालदाराला दिले. हशा आला नाही आणि मी सुटलो.

आईने मला तेव्हा निघताना सांगितले होते, "घाबरू नको, आठ दिवसांत सोडवून आणते तुला." बायकांना वाटते की सैन्य म्हणजे मामाचे घर. आठ दिवस गेले, महिने गेले, ती काही आली नाही. मी तिला कधी बोलून दाखवले नाही. तेव्हा सगळ्यांनाच घेत होते.

वग्दीला म्हटले, "उस्ताद, हे चुकलंय."

"कागद चुकत नाही, हाजी. माणूस चुकतो. तुमच्याकडे कागद आहे का माणूस?"

"आई आहे. जिवंत."

"तिला घरी ठेवा. इथं अर्ज लागेल." मग त्याने लवंग या गालातून त्या गालात नेली आणि यादी सांगितली. बरोबर नाव लिहिलेला अर्ज. तुकडीतले दोन साक्षीदार, ज्यांना एकाहत्तर साली माझ्या आईचे खरे नाव ठाऊक होते. आणि चुकीच्या आईचे शपथपत्र की ती माझी आई नाही.

"पहिली आई स्वतःहून हटल्याशिवाय दुसरी बसवता येत नाही," तो म्हणाला. "जागा एकच आहे."

१६ जानेवारी, बुधवार

आईने विचारले, "झालं काम?"

"एक शिक्का राहिलाय."

"कुणाच्या नावाचा?"

शिक्का कुणाच्या नावाचा असतो? सरकारच्या. वय झाले, काहीतरी विचारते. मी म्हटले, सरकारच्या नावाचा. तिने झगा उन्हातून काढला, घडी घातली आणि परत पेटीत ठेवला.

२४ जानेवारी, गुरुवार

साक्षीदार शोधण्यात आठवडा गेला. आमच्या तुकडीतले नऊ जण शिल्लक आहेत. चौघांना गाठले. माझ्या आईचे नाव कुणालाच ठाऊक नाही, कारण कुणी कुणाला ते सांगितलेच नव्हते. पण माझी अडचण ऐकून एकेक जण खाजगीत कबूल होऊ लागला. सदानीने आजीचे नाव दिले होते. हलवानीने मास्तरांच्या बायकोचे. रमादी बराच वेळ खोकत राहिला, मग म्हणाला, "आमच्या म्हशीचं." म्हणजे ज्या तुकडीने कालव्याच्या पाण्याचे पंप लावून शत्रूची वाळूची भिंत फोडली, ती अख्खी तुकडी परक्या बायकांच्या पोटची आहे, आणि एक जण म्हशीच्या. कागदावर तरी.

खरा एकटा दसूकी. तो आता मासळीबाजारापुढे चहाच्या दुकानात बसून हुक्का ओढतो.

"साक्ष देतो," तो म्हणाला. "पण कशाची देतोय ते मला कळलं पाहिजे. नाव सांग."

मी आजूबाजूला पाहिले. आठ-दहा माणसे सोंगट्या खेळत होती. "इथं?"

"इथं नाही तर कुठं? हमामात?"

"दसूकी, माझ्या तोंडून निघत नाही रे."

"माझ्या तोंडून बरं निघालं होतं!" तो एवढ्या मोठ्याने बोलला की सोंगट्या थांबल्या. "तीन वर्षं, वनीस. तीन वर्षं तूसुद्धा मला त्याच नावानं बोलवीत होतास."

ते खरे आहे. मी बोलवीत होतो.

शेवटी सिगारेटच्या पाकिटाच्या कागदावर मी नाव लिहिले, घडी घातली, टेबलाखालून दिले. दसूकीने तळव्याच्या आडोशात वाचले. आता हा ओरडणार, अठ्ठेचाळीस वर्षांचा सूड घेणार, म्हणून मी खुर्चीची कड धरून बसलो. त्याने दोनदा वाचले. मग तो कागद चिमट्याने उचलून हुक्क्याच्या निखाऱ्यावर ठेवला आणि जळेपर्यंत पाहत राहिला.

"छान नाव आहे," तो म्हणाला. "चल, कुठं सही करायची?"

मला इतके मेल्याहून मेल्यासारखे झाले की त्याच्या चहाचे आणि हुक्क्याचे पैसे द्यायचेही सुचले नाही. दुसरी सही रमादीची घेतली. त्याने काही न विचारता केली.

२९ जानेवारी, मंगळवार

आज खाला इनायातकडे शपथपत्र घेऊन गेलो. ती पंच्याऐंशीची आहे. डोळ्यांना अंधुक दिसते, पण पावलांवरून माणूस ओळखते. तिने फतीर, लोण्यातली पापुद्र्यांची पोळी, पुढे केली, वर मध ओतला. तिच्या आणि आईच्या फतीरमध्ये साठ वर्षांची चुरस आहे. मी कुठल्याही घरात फतीर खाल्ली तर दुसऱ्या घरात पुन्हा खावी लागते.

तिला वाचता येत नाही, म्हणून वाचून दाखवले. 'मी, इनायात मित्वल्ली, पवित्र ग्रंथावर हात ठेवून सांगते की वरील इसमाची मी आई नाही, कधी नव्हते.'

तिने हात धुतले, पुसले. मला वाटले अंगठ्याची तयारी चालली आहे.

"हे मी नाही म्हणणार, बाळा."

"खाला, खरं तेच आहे ना?"

"तू लढाईत जखमी झालास, त्याची तार माझ्याकडे आली होती. पोस्टमननं ती माझ्या हातात दिली. वाचून दाखवली, 'आपला मुलगा जखमी आहे'. मी त्या उंबऱ्यावर बसून रडले, आणि मग ती तार घेऊन तुझ्या आईकडं गेले. आता ग्रंथावर हात ठेवून कशी म्हणू, कधी नव्हते म्हणून?"

तेव्हा आमचे दार बंद असेल, म्हणून पोस्टमनने शेजारी दिली असेल. त्यात काय एवढे? पण म्हातारीने तेच धरून ठेवले आहे. मी समजावले, मग चिडलो, मग म्हणालो की तुला मंचावर मिरवायचे आहे. ते मी म्हणायला नको होते.

ती रागावली नाही. "तुझ्या आईला विचार," एवढेच म्हणाली आणि उरलेली फतीर बांधून दिली. ती मी रस्त्यातच गाढवाला घातली.

११ फेब्रुवारी, सोमवार

आजचा दिवस कुठल्याही वहीत मावणार नाही.

शपथपत्र नाही म्हणून कचेरीने 'प्रत्यक्ष पडताळणी' लावली. सकाळी दहाला तीनचाकी रिक्षातून उस्ताद वग्दी उतरला. बरोबर फाईल, आणि फाईल धरायला एक शिपाई. तुतीच्या झाडाखाली दोन खुर्च्या मांडल्या. एकीवर आई, दुसरीवर खाला इनायात. अर्धे गाव जमले. दोन म्हाताऱ्या सरळ पुढे बघत होत्या. वग्दीने छापील प्रश्न काढले.

"प्रश्न पहिला. सदर सैनिकाचा जन्म कधीचा?"

इनायात : "पाटात जमादाराची म्हैस बुडाली, त्या साली. कापूस वेचणी चालू होती."

वग्दीने लिहिले. मग आईकडे वळला. आई गप्प.

"प्रश्न दुसरा. अंगावर खूण?"

"डाव्या टाचेला विंचू चावला होता. मांत्रिकानं चीर दिलीय." मला सर्वांसमोर बूट काढावा लागला. चीर होती. गावाने मान डोलावली.

"तिसरा. लहानपणचं आजारपण?"

"गोवर. डोळ्यांना पट्टी बांधून आठ दिवस."

"चौथा. आवडीचा पदार्थ?"

"माझी फतीर," इनायात म्हणाली. इथे आईची मान किंचित वळली, पण तोंड उघडले नाही.

वग्दी वैतागला. "बाई, तुम्ही एकाही प्रश्नाचं उत्तर देत नाही."

"मी उत्तर दिलंय," आई म्हणाली.

"कधी?"

"तू जन्मायच्या आधी. तुझ्याच कचेरीत."

वग्दीने शिपायाकडे पाहिले, शिपायाने फाईलकडे. मग त्याने लिहिले, ते मी वाकून वाचले : 'पहिली महिला चारपैकी चार. दुसरी महिला शून्य, भ्रमिष्ट असावी.'

विंचू, एवढा एक शब्द म्हणाली असती तरी पुरे होते! विंचू उतरवताना मला मांडीवर तिनेच धरले होते. मी तिच्यावर ओरडलो. ती म्हणाली, "परीक्षा एकदाच द्यायची असते. मी नापास झाले तेव्हाच." आणि ती कोंबड्यांना दाणे टाकायला गेली.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

गावात पोरे आता मला विचारतात, "हाजी, आज कुठल्या आईकडं जेवण?" एकाच्या मागे काठी घेऊन धावलो. गुडघा दुखावला.

३ मार्च, रविवार

वग्दीने बोलावणे पाठवले. खिडकीबाहेर न ठेवता आत बसवले आणि चहा मागवला. कारकून चहा मागवतो तेव्हा बातमी वाईट असते, हे मी सरकारी माणूस म्हणून ओळखून होतो.

"हाजी, म्हातारी भ्रमिष्ट नाही," तो म्हणाला. "तळघरातून तुमची जुनी फाईल आली." त्याने एक पिवळा कागद माझ्यापुढे सरकवला.

अर्ज. फेब्रुवारी एकाहत्तर. मी विधवा आहे. मला एकच मुलगा आहे. विधवेच्या एकुलत्या मुलाला सैन्यात घेत नाहीत असे गावच्या मुखियांनी सांगितले. माझा मुलगा मला परत द्यावा. खाली माझ्या आईचे नाव आणि अंगठा. अंगठ्याची शाई कागदाच्या कडेपर्यंत गेली होती, फार दाबून उठवला असावा.

त्याखाली लाल शाईत उत्तर : 'सैनिकाच्या स्वतःच्या जबानीनुसार अर्जदार ही त्याची आई नाही. अर्ज फेटाळला. मुखियासमक्ष वाचून दाखवले.'

कागदाच्या पाठीवर कुणीतरी पेन्सिलीने खरडले होते : 'सदर बाई फाटकाबाहेर तीन दिवस बसून होती. चौथ्या दिवशी गेली.'

मी तो कागद कितीदा वाचला ठाऊक नाही. म्हणजे ती आली होती. आठ दिवसांच्या आत आली होती. आणि परक्या पुरुषांसमोर तिला सांगितले गेले की तू त्याची कुणी नाहीस, तोच तसे म्हणाला. हे पोटात घेऊन ती घरी गेली, मी सुटीवर आलो की मला वाढत राहिली, एक अक्षर बोलली नाही. अठ्ठेचाळीस वर्षे मी मात्र मनात धरून होतो की ती आली नाही.

"मग आता तरी दुरुस्त करा," मी म्हणालो. "पुरावा तुमच्याच तळघरातला आहे."

वग्दीने चष्मा काढला. "तीच तर पंचाईत आहे. नीट ऐका. रकाना सात दुरुस्त केला, की ही बाई तुमची आई. ती तुमची आई, की तुम्ही विधवेचे एकुलते. एकुलते, की तुमची भरती बेकायदा. भरती बेकायदा, की सेवा रद्द. सेवा रद्द, की त्र्याहत्तर साली तुम्ही तिथं नव्हतात. आणि जो सैनिक नव्हताच, त्याची सैन्यात नोंद कशी असेल? नोंदच नाही, तर दुरुस्ती कशाची करू?"

"मी तिथं नव्हतो? पंपाचा नळ माझ्या खांद्यावर होता!"

"मी कुठं नाही म्हणतो?"

"आणि खांद्यातला तुकडा?"

त्याने जरा विचार केला. "तो खाजगी समजावा लागेल."

मला हसू फुटले, मग ते हसू राहिले नाही. टेबलावर हात आपटून मी म्हणालो, "उस्ताद, लढाई तुमच्याकडे ठेवा. पदक, बिल्ला, सगळं आणून देतो. मला आई द्या."

त्याने खणात पाहिले. खरोखर एकेक खण उघडून पाहिले. "असा अर्ज नाही, हाजी," तो म्हणाला. त्याचे डोळे ओले होते की लवंग तिखट लागली, सांगता येत नाही. अंगठ्याचा कागद त्याने मला नेऊ दिला नाही, पण चहा संपेपर्यंत हातात ठेवू दिला. मी चहा थंड करून प्यालो.

४ मार्च, सोमवार

सकाळी आईसमोर बसलो. म्हणालो, "यम्मा, एकाहत्तर साली..."

"हंडा भर," ती म्हणाली.

भरला. पुन्हा बसलो. "यम्मा..."

"कोंबड्या बाहेर गेल्या बघ."

कोंबड्या आत होत्या. सुएझच्या पाण्यात गोळ्या पडत असताना मी नळ सोडला नव्हता. आज चार शब्द सोडता आले नाहीत. मी भित्रा आहे, हे लिहून ठेवतो.

१४ मार्च, गुरुवार

सोनेरी कडांचे निमंत्रण आले. 'वीरमाता इनायात मित्वल्ली, पहिली रांग. सोबत एक व्यक्ती चालेल.'

खाला इनायात ते कार्ड हातात घेऊन भिंत चाचपत आमच्या घरी आली, सरळ स्वयंपाकघरात गेली आणि आईने आतून कडी लावली. तासभर. मी दाराशी कान लावून होतो. भांडणाचा आवाज येईना, म्हणून जास्तच काळजी वाटली. मग तव्यावर फतीर टाकल्याचा वास आला.

दार उघडले. आई म्हणाली, "इनायात जाईल. तिला दिसत नाही, सोबतीला मी."

"तू सोबतीण म्हणून? यम्मा, त्यापेक्षा कुणीच जायला नको!"

"खुर्ची पहिल्या रांगेत आहे ना?"

"आहे."

"मग झगा काढ."

मी खाला इनायातकडे पाहिले. ती म्हणाली, "माझ्याकडं काय बघतोस? कार्डावरचं नाव मी दिलं नव्हतं, तू दिलंस." मला तिने असे बोलण्याची ही पहिली वेळ. दोघींनाही सारे ठाऊक आहे, आणि किती वर्षे ठाऊक आहे, हे मला त्या क्षणी समजले. दोन म्हाताऱ्या आणि एक तापलेला तवा यांच्यासमोर मी सदुसष्टाव्या वर्षी पोरासारखा उभा होतो.

२१ मार्च, गुरुवार. मातृदिन

सभागृहात हजार-दीड हजार माणसे. आम्ही माजी सैनिक डाव्या बाजूला, बिल्ले लावून. पुढे मखमली खुर्च्यांवर अकरा म्हाताऱ्या, त्यांतल्या चार झोपलेल्या. आई आणि खाला इनायात शेजारीशेजारी, एकीचा हात दुसरीच्या मनगटावर. उस्ताद वग्दीही आला होता, कडेला यादी धरून उभा.

निवेदक तरुण होता, आवाज मात्र त्या मिशाळ हवालदाराच्या घराण्यातला. सातवे नाव. "योद्धा अब्दुल वनीस यांच्या मातोश्री, इनायात मित्वल्ली!"

टाळ्या. खाला इनायात उठली, आईचे मनगट न सोडता. आईही उठली. पायरीपाशी एक स्वयंसेवक आडवा आला. "सोबतीण खालीच. वर फक्त आई." आणि त्याने अदबीने, अगदी अदबीने, माझ्या आईचा हात सोडवला. ती खुर्चीकडे वळली. मला तिची पाठ दिसत होती. एकाहत्तर साली फाटकाबाहेरून निघताना ती पाठ अशीच दिसली असेल.

मी खुर्चीवर चढलो. गुडघा दुखत होता, तरी चढलो.

"चूक आहे!" मी ओरडलो. "माझी आई तफीदा! तफीदा अबू झैद! ती बघा, काळ्या झग्यातली! तफीदा!"

निवेदकाने कर्णा खाली केला. झोपलेल्या चारही म्हाताऱ्या जाग्या झाल्या. एवढ्या लोकांत कुणी खोकलेही नाही. मला वाटले आता हशा येणार, टोकापर्यंत जाणार. मी दोन्ही कानांनी त्याची वाट पाहिली. हशा आला नाही. मागच्या रांगेतून फक्त दसूकीचा आवाज आला, "खरं आहे! मी वाचलंय!"

वग्दीने यादीकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले, आणि यादी पाठीमागे धरली. पायरीवरून खाला इनायात अंधुक डोळ्यांनी खाली चाचपत म्हणाली, "तफीदा, ये गं, मला पायरी दिसत नाही." स्वयंसेवक बाजूला झाला. आई वर गेली.

ढालीवर नाव इनायातचेच आहे. ते खोडायला अर्ज लागतो.

परतताना गाडीत खाला इनायात ढाल मांडीवर घेऊन झोपली. आई खिडकीबाहेर बघत होती. अर्धा रस्ता संपल्यावर म्हणाली, "तेव्हा का नाही घेतलंस माझं नाव?"

"लाज वाटली, यम्मा."

"माझी?"

"तुझी नाही गं. त्या पोरांची. तुझं नाव त्यांच्या तोंडी लागलं असतं."

"एवढंच?"

"एवढंच. देवाशपथ."

तिने इनायातच्या मांडीवरून घसरणारी ढाल सावरली. मग म्हणाली, "मला वाटलं, तुला मी नको होते." आणि तिने माझ्या दंडावर चापट मारली, चांगली जोरात, जखमेच्याच खांद्याला. "आणि बायकांची नावं अशी ओरडतात का रे मेल्या? परक्या बाप्यांसमोर! पाच-पाचदा! जीभ झडेल तुझी!"

तीनदाच घेतले होते. पण मी वाद घातला नाही.

२२ मार्च, शुक्रवार

नमाजानंतर अंगण बायकांनी भरले. कालची हकीकत ऐकायला एक गट जातो, दुसरा येतो. मघाशी मी चहा ठेवायला आत गेलो तेव्हा आई सांगत होती, "आणि मग हा खुर्चीवर चढला, आणि म्हणाला, माझी आई तफीदा!" ते नाव ती स्वतःच, भर अंगणात, खड्या आवाजात घेत होती. शेजारी खाला इनायात, "खरं आहे, खरं आहे," म्हणून मान हलवत होती. मला पाहून आईने ओढणी तोंडावर घेतली. "निर्लज्ज आहे माझा मुलगा," ती बायकांना म्हणाली.

आतापर्यंत सातदा सांगून झाले. दर वेळी माझा आवाज वाढतो आहे. गेल्या खेपेला सभागृहाच्या काचा हलल्या. मी बाहेर ओट्यावर बसून ही वही लिहितो आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या पुरुषांना आतले सगळे ऐकू जाते. लाजेने माझी मान वर होत नाही, पण मी इथून उठलेलो नाही.